वकीलबाईंचे ब्रेक

ॲडव्होकेट मंजुषा पांढरीपांडे उलटतपासणीला उभ्या राहिल्या की यवतमाळच्या कोर्टात भलेभले साक्षीदार आधी पाणी मागत. अशा या बाई सप्टेंबरातल्या एका रविवारी तेलंगणातल्या एका रेसिंग ट्रॅकच्या कडेला, बारीक खडीत अर्ध्या चाकांपर्यंत रुतलेल्या लाल गाडीत, डोक्यावर हेल्मेट घालून बसल्या होत्या. लागलं काहीच नव्हतं. पण झालं काय, तेच त्यांना कळत नव्हतं.

गाडी त्यांच्या मुलाची, मंदारची. मंदारला जर्मनीत नोकरी लागली तेव्हा जाता जाता तो म्हणाला होता, "बाबा, गाडी विकून टाका. उगीच पडून राहील." नरहरराव, म्हणजे मंजुषाबाईंचे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सरळ माणूस. त्यांनी ओळखीच्या दोघाचौघांना सांगूनही ठेवलं. पण मंजुषाबाईंनी चावी पर्समध्ये टाकली ती टाकलीच. इतकी वर्षं त्या गावात स्कूटरवर आणि बाहेरगावच्या तारखांना एसटीने जात आल्या होत्या. आता वणीची तारीख असो की उमरखेडची, त्या स्वतः गाडी काढून जाऊ लागल्या. वणीच्या रस्त्याला कोळशाच्या ट्रकांच्या रांगेतून निघायला शिकल्या. पुसदकडच्या घाटात वळण कुठे उघडतं, गिअर कुठे बदलायचा, हे हातापायांना आपोआप उमगायला लागलं. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की आपण पुसदची वकीलपत्रं जरा जास्तच घ्यायला लागलो आहोत.

अशातच नागपूरच्या एका मोटार क्लबची जाहिरात मोबाइलवर आली. आपली गाडी आणा, ट्रॅकवर मोकळी चालवा, शर्यत नाही. "शर्यत नाही म्हणतात ना, मग पाहून यायला काय हरकत आहे?" असं म्हणून त्यांनी नाव घातलं. नरहरराव डबा, छत्री आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन सोबत आले.

पहिल्या फेऱ्यांमध्ये मंजुषाबाई हेल्मेटच्या आत एकट्याच हसत होत्या. समोरून कोणी येणार नाही, कुत्रं आडवं जाणार नाही, गतिरोधक नाही, बैलगाडी नाही. नुसता रस्ता आणि आपण. पण पुढच्या एका फेरीत लांब सरळ रस्ता संपताना त्यांनी ब्रेक दाबला, आणि पाय लोण्यात जावा तसा खालपर्यंत गेला. गाडी वळलीच नाही. सरळ खडीत.

ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. थोड्या वेळाने ब्रेक पुन्हा लागायलाही लागला. क्लबमधला एक तरुण अगदी मायेने म्हणाला, "आंटी, आता बसा सावलीत. आराम करा."

तो जर हे वाक्य बोलला नसता, तर गोष्ट कदाचित तिथेच संपली असती.

परतीच्या वाटेवर गाडी नरहरराव चालवत होते, अगदी हळू. आदिलाबाद आल्यावर त्यांनी घसा साफ केला. "आता विकूया ना गं?"

"अहो, केस अर्धवट सोडून मी आजवर कोणाला दिली आहे का?" मंजुषाबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहत बसल्या.

दारव्हा रोडला बादल आडे आणि त्याची बायको रंजिता यांचं गॅरेज आहे. दोघं नागपूरला रॅलीच्या गाड्या तयार करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होते, तिथेच त्यांचं जमलं, आणि लग्नानंतर ते परत आले, कारण बादलचा बंजारा तांडा इथून जवळ. ब्रेक आणि सस्पेन्शन बादलकडे, क्लच आणि गिअरबॉक्स रंजिताकडे, अशी त्यांची वाटणी. भांडण झालं तर दोघं एकमेकांच्या विभागात पाय ठेवत नसत.

बादलने चाक काढलं, डिस्कवर बोट फिरवलं आणि मान हलवली. "मॅडम, ब्रेक फेल नाही झाले. ब्रेक ऑइल उकळलं."

"तेल उकळलं? गाडीतल्या गाडीत?"

"मंग! घाटात तुम्ही ब्रेक मारता अन् सोडता, त्याले थंड व्हायले टाइम भेटते. ट्रॅकवर कुठचा टाइम? उकळलं की त्यात बुडबुडे होते. बुडबुडा दाबला तं नुसता दबते, पुढं जोरच जात नाही. म्हणून पाय आत गेला."

मंजुषाबाईंना हे एकदम पटलं. झालेल्या गोष्टीला कारण असलं की त्यांना बरं वाटायचं. "मग उपाय सांग."

"जास्त गरमी सहन करनारं ऑइल टाकू. रबरी पाइप दाबानं फुगते, त्याच्या जागी स्टीलच्या जाळीवाले लावू. डिस्क नव्या. अन् पॅड."

गाडीखालून रंजिताचा आवाज आला. "अन् हे टायर पाह्यले का? वळनातून निघताना आतलं चाक नुसतं गरगर फिरून राह्यलं हिचं."

"तुयं मागून पाहू," बादल म्हणाला. "आधी थांबली पाह्यजे गाडी."

नियमात बसेल तेवढंच करायचं, अशी अट मंजुषाबाईंनी घातली. मग पॅडचा विषय निघाला. बादलने दोन-तीन प्रकार सांगितले. त्यांनी विचारलं, "सगळ्यात कडक कोणते?"

"ते रेसचे. पन मॅडम, रोज कोर्टात जाता तुम्ही, तं ते सकाळी..."

"तेच लाव."

कोर्टातली सवय. साक्षीदाराचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही.

सामान यायला दिवाळी उलटली. गाडी घरी आली तेव्हा बाहेरून काहीच फरक नव्हता, फक्त चाकांच्या मागे नव्या डिस्क चकाकत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलीच थंडी होती. पोर्चपासून फाटकापर्यंत थोडा उतार आहे. नरहररावांनी दिवाळीआधीच फाटकाला स्वतःच्या हाताने पांढरा रंग दिला होता, आणि आता ते कुलूप काढत उभे होते. मंजुषाबाईंनी काळा कोट मागच्या सीटवर ठेवला, गाडी सोडली आणि उतारावर नेहमीसारखा ब्रेकवर पाय ठेवला.

गाडी नेहमीसारखी थांबली नाही. ती सावकाश, अगदी सभ्यपणे, पुढे येत राहिली.

"मंजू! ब्रेक!"

"मारलाय!"

"मग गाडी काहून येऊन राहिली?"

उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत. ज्या माणसाला जिने चढताना कठडा लागायचा, तो माणूस एका उडीत कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन बसला. गाडीने फाटकाला हलकेच टेकून एक लांब कुरकुर केली आणि मग थांबली. फाटक मधोमध वाकलं. बंपरला पांढरा रंग लागला. नरहरराव भिंतीवर, हातात कुलूप, चष्मा एका कानाला.

"लागलं का हो?" मंजुषाबाई धावत आल्या.

"उतरव आधी मला," ते म्हणाले. चढले कसे ते त्यांनाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी ते एक शब्द बोलले नाहीत. जेवताना भाजी हवी तर बोटाने दाखवायचे. मंजुषाबाईंना खरोखर वाईट वाटलं. रात्री झोप लागेना. आपल्या हौसेपायी हा माणूस फाटकात चिरडला असता, हा विचार जाईना. सकाळी उठून गाडी विकायची म्हणून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. पण सकाळी नरहरराव घरात नव्हते. फोनही घरीच ठेवून गेले होते.

संध्याकाळी कोर्टातून त्या थेट बादलकडे गेल्या, गाडी तिथे ठेवून गिऱ्हाईक पाहायला सांगू म्हणून. पाहतात तर गॅरेजच्या दारात नरहरराव स्टुलावर बसलेले. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर कुठल्याशा जुन्या गाडीच्या ब्रेकचं उघडलेलं कॅलिपर, आणि बादलशी वाद चाललेला.

"अगं ये," ते म्हणाले, जणू मधे काही घडलंच नव्हतं. "हे सगळं आपल्या धरणाच्या दारांसारखंच आहे. इथे तेल ढकललं की तिथे पिस्टन सरकतो. मी उगीच घाबरत होतो. आणि तुझ्या पॅडचं सांगतो. ते रेसचे आहेत. चांगले तापल्याशिवाय धरतच नाहीत. गार असले की काचेवर साबण फिरवल्यासारखं. हा तुला तेच सांगत होता. तू ऐकून घेतलंस का?"

"नाही घेतलं," मंजुषाबाई म्हणाल्या.

"दोन्हीकडं चालनारे पॅड येते, काकाजी," बादल म्हणाला. "ट्रॅकवर थोडे कमी, पन सकाळी गेटजवळ थांबते."

"तेच मागव," नरहरराव म्हणाले. "आणि भिंत मला पुन्हा चढायला लावू नका."

मंजुषाबाई गाडी विकण्याचं बोलायला आल्या होत्या, ते त्या विसरूनच गेल्या.

नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून एक सोपस्कार करावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवायची, जोरात ब्रेक मारायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. पुन्हा पळवायची, पुन्हा ब्रेक. पॅड चांगले तापले की मग तशीच हळूहळू चालवत थंड होऊ द्यायची. बादलने यासाठी आपल्या तांड्याकडे जाणारा रस्ता निवडला. सकाळची वेळ, दोन्हीकडे कापूस फुटलेला, बांधावर तूर. मंजुषाबाई चालवत होत्या, शेजारी बादल, मागे नरहरराव.

शेतात बादलचे वडील धावजी होते. त्यांनी पाहिलं, एक लाल गाडी जोरात येते, गचका खाते, थांबता थांबता पुन्हा पळते, पुढे जाऊन पुन्हा गचका. ती वळून परत आली आणि तेच. धावजींनी कापसाची ओटी सोडली, रस्त्यावर येऊन हात वर केला.

"बादल, तुझे वडील," मंजुषाबाई म्हणाल्या.

"थांबू नका! गरम पॅडवर थांबलं तं डिस्कवर डाग पडते!"

गाडी धावजींच्या शेजारून गेली. परत आली, तेव्हा धावजींच्या सोबत आणखी तिघं होती. पुढच्या वेळी बायकासुद्धा कापूस वेचायचं सोडून रस्त्याकडेला आल्या होत्या. काचेतून बादल हात हलवत होता, बोलावतोय की निरोप घेतोय ते कोणालाच कळत नव्हतं. चाकांमधून जळका वास यायला लागला. मागच्या सीटवरून नरहरराव सगळ्यांना नमस्कार करत होते.

शेवटी ब्रेक थंड झाले आणि गाडी थांबली. धावजी धापा टाकत खिडकीशी आले. "काई वेगो?" त्यांनी मुलाला विचारलं. काय झालं म्हणून. बादलने त्यांच्या बोलीत काहीतरी समजावलं, पण ते फारसं पटलेलं दिसलं नाही. ते वाकून मंजुषाबाईंकडे पाहू लागले.

"शिकून राह्यल्या का बाई? घाबरू नका. सुरुवातीले गाडी अशीच उड्या मारते. क्लच पुरा दाबत जा. ह्या बादललेबी म्या असंच शिकवलं."

मंजुषाबाईंनी न्यायाधीशांसमोर ठेवतात तसा गंभीर चेहरा ठेवला. "दाबते काका," त्या म्हणाल्या. मागे नरहररावांना हसू आवरेना, ते खोकू लागले. मग धावजींनी कोणालाही चहाशिवाय जाऊ दिलं नाही.

मधल्या काळात मंदारचे व्हिडिओ कॉल येतच होते. गाडी विकली का, असं तो विचारायचा. पूर्वी मंजुषाबाई विषय बदलायच्या; आता नरहररावच मोबाइल हातात घेऊन म्हणायचे, "गिऱ्हाईकं येतात रे, पण आपल्याला घाई काय?" हे बोलताना त्यांच्या नखात ग्रीस असायचं.

रंजिताच्या कामाची पाळी डिसेंबरात आली. वळणातून बाहेर पडताना आतल्या बाजूचं चाक हलकं होतं आणि नुसतं फिरत राहतं, इंजिनाची ताकद तिथेच वाया जाते. त्यावर उपाय म्हणून गिअरबॉक्सच्या पोटात एक वेगळा डिफरन्शिअल बसवायचा होता, जो एका चाकाला असं उधळू देत नाही. गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर क्लचही दमदार टाकू, असं रंजिताचं म्हणणं पडलं. मंजुषाबाईंनी या वेळी तिचं वाक्य पूर्ण ऐकून घेतलं आणि वर दोन प्रश्न विचारले.

काम ऐन मध्यावर असताना, नाताळाच्या सुट्टीसाठी, आईवडिलांना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून मंदार न कळवता आला. घराला कुलूप. फाटक वेगळंच. शेजारच्यांनी सांगितलं, "दोघंही गॅरेजमध्येच असतात आजकाल." तो बॅगसकट ऑटोने दारव्हा रोडला पोचला.

समोर त्याची लाल गाडी स्टँडवर चढवलेली, पुढची चाकं काढलेली. खाली पोत्यावर गिअरबॉक्स. एक बाई कोपरापर्यंत हात काळे करून त्यात काहीतरी बसवत होती. तिच्या डोक्यावर टॉर्च धरून, कोर्टाचे पांढरे बँड गळ्यात तसेच, त्याची आई वाकून उभी. आणि स्टुलावर त्याचे बाबा, नाकावर चष्मा, कुठला बोल्ट किती आवळायचा ते मोबाइलवरून मोठ्याने वाचत होते.

मंदारच्या तोंडून एवढंच निघालं, "ही... ही कोणाची गाडी आहे?"

रंजिताने मान वर केली नाही. "वकील मॅडमची. तुमाले टाइम लागन, भाऊ. बसा तिथं."

टॉर्च हलला. मग आनंद, मिठ्या, ग्रीसचे डाग, सगळं झालं. ते झाल्यावर मंदारचा पारा चढला. "आई, मी विकायला सांगितली होती ना?"

"गाडी तुझ्या नावावर. विकायला सही तुझी लागते. तू पाठवली नाहीस."

"आई, मी पक्षकार नाहीये! मला सांगायचं तरी!"

मंजुषाबाईंनी टॉर्च बंद केला. "तू नको म्हणाला असतास."

"अर्थात म्हणालो असतो."

"आणि मी तुझं ऐकलं असतं. म्हणून नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, त्यात वकिली नव्हती. मंदारने बॅग खाली ठेवली आणि त्यांच्या हातातला टॉर्च घेतला. "दमला असेल हात तुझा. कुठे धरू?"

"इकडं," रंजिता म्हणाली. "अन् हलवू नका."

जानेवारीत क्लबने पुन्हा ट्रॅक घेतला. पांढरकवड्याला नाश्ता करून सगळी वरात तेलंगणात शिरली. पुढे लाल गाडी, मागे बादल आणि रंजिताची व्हॅन. सोबत एक जण बसवायला परवानगी होती. "तू नीट चालवतेस की नाही हे मला पाहायचंय," असं म्हणत मंदार हेल्मेट घालून शेजारी बसला.

पहिल्या फेरीत तो सारखं "आई, ब्रेक! आई!" म्हणत होता. मंजुषाबाई त्याच्याकडे लक्ष देत नव्हत्या. त्या पायाकडे लक्ष देत होत्या. पेडल दगडासारखं घट्ट होतं. फेरीमागून फेरी झाली, तरी ते तसंच. खडीजवळच्या वळणावर त्यांनी जरा उशिरा ब्रेक मारला, गाडीने नाक खाली घातलं, वेग गिळला आणि हुकमात वळली. बाहेर पडताना पूर्वीसारखं चाक गरगरलं नाही. गाडी कोणीतरी पाठीमागून रेटल्यासारखी पुढे निघाली. कितीतरी भारी गाड्या त्यांना मागे टाकून गेल्या, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण त्याच वळणावर, आराम करा म्हणणारा तो तरुण त्यांच्या पुढे होता. त्याने त्यांच्यापेक्षा बराच आधी ब्रेक मारला. क्लबच्या नियमाप्रमाणे त्याने खिडकीतून हात काढून वाट दिली, आणि मंजुषाबाई पुढे गेल्या.

"आई," मंदार हळूच म्हणाला, "पुढच्या वळणाला अजून थोडं उशिरा मारला तरी चालेल."

"आता कसं," मंजुषाबाई म्हणाल्या.

गाडीतून उतरताच मंदार थेट रंजिताकडे गेला. "ताई, यात अजून काय काय बदलता येईल?"

रंजिताने नवऱ्याकडे पाहिलं. "एक गिऱ्हाईक वाढलं."

तेवढ्यात नरहरराव पुढे आले. ते सकाळपासून छत्री घेऊन उभे होते. "मी एक चक्कर मारू का?" त्यांनी विचारलं. कोणी काही बोलायच्या आत ते जागेवर बसले होते, सीट पुढे ओढली, आरसे पुसले, पट्टा दोनदा ओढून पाहिला. मंजुषाबाई शेजारी बसल्या. काहीही बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

नरहररावांनी ट्रॅकवर यवतमाळच्या दत्त चौकात चालवतात तशी गाडी चालवली. प्रत्येक वळणाला इंडिकेटर दिला. सरळ रस्त्यावर थोडा वेग आला तेव्हा त्यांनी "बाप रे" म्हटलं आणि खूश होऊन आणखी थोडा वाढवला. मागून गाड्या सुसाट निघून जात होत्या. ट्रॅकच्या कडेला उभी असलेली माणसं एकामागून एक निळे झेंडे हलवत होती.

परत आल्यावर त्यांचा चेहरा उजळून निघाला होता. "पाहिलंस ना मंदार? सगळेच झेंडे दाखवत होते मला. तुझ्या आईला एखाददुसराच दाखवला असेल."

निळा झेंडा म्हणजे मागच्याला वाट द्या, हे सांगायला मंदारने तोंड उघडलं. मंजुषाबाईंनी त्याच्या बुटावर पाय ठेवला. नव्या जड क्लचने त्यांच्या पायात बराच जोर आला होता.

"वयाचा मान ठेवतात हो काकाजी," बादल गंभीरपणे म्हणाला.

"चांगली माणसं आहेत," नरहरराव म्हणाले. त्यांनी क्लबचं हेल्मेट काढून हातात उलटसुलट केलं, वास घेतला आणि नाक मुरडलं. "पण पुढच्या वेळेस हेल्मेट आपलंच आणू. हे फार घामट आहे."